वक्त्याची नजर आणि सभेची बैठक

मराठी सभांचा इतिहास लिहिणारे बहुधा भाषणांचा इतिहास लिहितात. कोण काय बोलले, टाळ्या कुठे पडल्या, ठराव कोणता झाला, याची नोंद मिळते. बोलणारा बोलताना कोणाकडे पाहत होता, ही गोष्ट मात्र नोंदवण्याजोगी कोणालाच वाटलेली नाही. आज नेतृत्व आणि वक्तृत्व शिकवणाऱ्या शिबिरांत या नजरेला मोठा भाव आला आहे. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाहून बोला, कोपऱ्यातल्या माणसाला वगळू नका, एका वाक्याला एक चेहरा धरा, असे तिथे शिकवतात. सल्ला खोटा नाही, पण तो नजरेला वक्त्याची खासगी सवय समजतो. हातवारे किंवा उच्चार सुधारावेत तशी नजरही सरावाने सुधारेल, असे धरून चालतो. महाराष्ट्रातल्या कीर्तनापासून जाहीर सभेपर्यंतचा प्रवास पाहिला, तर वेगळेच दिसते. वक्त्याची नजर बैठक जाऊ देईल तिथवरच जाते. कोण पुढे बसले, कोण मागे, कोण खांबाआड आणि कोण मुळात आवाराबाहेर, हे भाषण सुरू होण्याआधीच ठरलेले असते आणि नजर त्या आखणीतच फिरते. नव्या माणसांना सार्वजनिक जीवनात आणण्यात ज्यांना यश आले, त्यांनी आधी ही आखणी हलवली.

सुरुवात पुराण आणि कीर्तन यांच्यातल्या फरकापासून करावी लागते. पुराणिक बसून सांगतो. त्याच्यापुढे पोथी असते आणि त्याचे डोळे पोथी आणि श्रोते यांच्यात ये-जा करतात. ज्ञान पोथीत आहे, पुराणिक ते उलगडून दाखवणारा आहे, हे त्या बैठकीवरूनच कळते. कीर्तनकार उभा असतो. त्याच्या हाती टाळ किंवा चिपळ्या असतील, पण पोथी नसते. जे सांगायचे ते पाठ असते, त्यामुळे डोळे मोकळे राहतात. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाचे निरूपण संपते, मध्ये नामगजर होतो, कीर्तनकाराला हार घालून बुक्का लावतात आणि मग उत्तररंगात आख्यान सुरू होते. आख्यानात तो एकटाच राजा होतो, राणी होतो, दूतही होतो, आणि प्रत्येक पात्राबरोबर वेगळ्या बाजूला तोंड करून बोलतो. वारकरी कीर्तनात मागे टाळकऱ्यांची अर्धवर्तुळाकार रांग, पखवाजी आणि विणेकरी असतात. कीर्तनकार अभंगाचे चरण मागच्यांच्या हाती सोपवतो, ते उचलतात, तो परत श्रोत्यांकडे वळतो. तास-दोन तास हे वळणे चालू असते. पुढच्या रांगेतल्या शेटजींकडे पाहत राहायचे म्हटले, तरी ती रचना पाहू देत नाही.

यामागे एक अगदी साधे शारीरिक कारण होते. ध्वनिवर्धक नसताना आवाज ज्या दिशेला तोंड, त्या दिशेला जातो. डाव्या अंगाला बसलेल्यांना ऐकू जावे असे वाटत असेल, तर डावीकडे वळावेच लागे. तोंड वळले की नजर वळे. समोरचा माणूस पेंगतो आहे, हसतो आहे की त्याला काहीच कळलेले नाही, हे त्याच क्षणी दिसे आणि पुढचे वाक्य त्यावरून ठरे. ऐकू जाणे आणि पाहणे एकमेकांना बांधलेले होते, आणि शतकानुशतके मराठी वक्त्याला कोणी न शिकवता सगळ्यांकडे पाहायला लावण्याचे काम या गाठीने केले. कीर्तनकारांना याचे श्रेय द्यायचे तर ते त्यांच्या उदारपणापेक्षा त्यांच्या गळ्याच्या मर्यादेला अधिक द्यावे लागेल.

पण ही गाठ फक्त बैठकीच्या आत बसलेल्यांपुरतीच. देवळाच्या सभामंडपात ज्याला येऊच दिले नाही, त्याच्याकडे कीर्तनकाराने वळण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून पंढरपूरच्या वाळवंटाला या इतिहासात मोठे महत्त्व आहे. चंद्रभागेच्या काठची वाळू हा भिंती नसलेला सभामंडप होता. विठ्ठलाच्या मंदिरात पाऊल ठेवायला मज्जाव असलेला चोखामेळा नामदेवांच्या मेळ्यात होता, हे परंपरा आवर्जून सांगते. मंदिर न उघडता कीर्तनच बाहेर नेले गेले. मात्र त्याला समतेचे राज्य म्हणण्याची घाई नको. चोखामेळ्याची समाधी महाद्वारासमोर, पायरीपाशी, म्हणजे बाहेरच आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला इरावती कर्वे पालखीबरोबर चालल्या, तेव्हा एकाच दिंडीत भजन म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे जेवणाच्या वेळी वेगळ्या पंक्तींना बसतात, हे त्यांना खुपले आणि त्यांनी ते लिहिले. वाळवंटाने काय साधले याचा हिशेब माफकच करावा: तिथे दिसण्यावर बंदी नव्हती. मंदिरातली बंदी उठायला १९४७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मे महिन्याच्या १ तारखेपासून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, आणि दहाव्या दिवशी मंदिर सर्वांसाठी खुले करण्याचे ठरले.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षणाबरोबर सभेचा नवा घाट आला. टेबल, त्यामागे अध्यक्षांची खुर्ची, समोर ओळीने श्रोते, वेळेचे बंधन आणि शेवटी आभार. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने हा घाट मराठीत रुजवला. चारचौघांसमोर उभे राहून मुद्देसूद बोलण्याची सवय शिकलेल्या पिढीला तिथे लागली. तरी त्या खोलीत कोण होते, हे विसरता येत नाही. श्रोते बहुतेक पुरुष, बहुतेक शहरी, बहुतेक वरच्या जातींतले. वक्त्याने कितीही समदृष्टी ठेवली, तरी त्याला आपल्यासारखेच चेहरे दिसणार. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत त्या काळाचे जे वर्णन केले आहे, त्यात सभेला जाणे, पुरुषांसमोर उभे राहून इंग्रजीत वाचणे, यापायी घरातल्या बायकांकडून काय ऐकून घ्यावे लागले ते आहे. सभागृहात स्त्रियांची बाजू वेगळी आणि थोडकी असे; कितीतरी घरांतून ती बाजू भरायला कोणी येतच नसे.

याच संदर्भात १८८९ च्या डिसेंबरात मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेतला एक प्रसंग लक्षात घेण्याजोगा आहे. पंडिता रमाबाई बोलायला उभ्या राहिल्या आणि मागच्यांना ऐकू येईना. मंडपात गलबला झाला. त्या थांबल्या, शांतता होईपर्यंत उभ्या राहिल्या आणि मग जे म्हणाल्या त्याचा आशय असा, की बाईचा आवाज लहान वाटतो यात नवल नाही, तो मोठा करण्याची संधी तुम्ही तिला दिलीच कधी? या उत्तराची आठवण नेहमी हजरजबाबीपणासाठी काढली जाते. मला त्याआधीचे थांबणे अधिक मोलाचे वाटते. वक्त्याने सभेकडे पाहावे हे आपण धरून चालतो. सभेने वक्त्याकडे पाहिले पाहिजे, ही अट त्या क्षणी एका स्त्रीने शब्दाविना घातली. लहानपणापासून आईवडिलांबरोबर गावोगाव पुराण सांगत फिरलेल्या बाईला समुदाय कसा ताब्यात घ्यायचा हे ठाऊक होते. तिला नसलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे तिला पाहण्याची सवय असलेला श्रोतृवर्ग.

शिकलेल्यांच्या सभेबाहेर, फडात आणि चावडीपुढे नजरेचा दुसराच व्यवहार चालू होता. बैठकीच्या लावणीत गाणारी बसून गाते. पाय स्थिर, सगळी अदा चेहऱ्यावर, हातांत आणि डोळ्यांत. एकाच ओळीवर ती इतके भाव दाखवते, की ओळ प्रत्येक वेळी वेगळी वाटते. डोळ्यांच्या भाषेचे इतके सूक्ष्म शिक्षण दुसऱ्या कोणत्याही मराठी कलेत मिळत नसेल. पण ती नजर कोणासाठी? समोर लोडाला टेकून बसलेल्या, दौलतजादा करणाऱ्या रसिकासाठी. डोळ्याला डोळा भिडला म्हणजे माणूस सामावला गेला, असे म्हणणाऱ्यांनी हा दाखला नीट पाहावा. इथे नजर भिडते, तरी माणसामाणसांतले अंतर तसूभर कमी होत नाही. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे ती वळते. सत्यशोधकांनी तमाशाचाच साचा घेतला आणि हे तोंड फिरवले. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. पुढे ओतूरच्या भीमराव महामुनींसारख्यांनी जलसे उभे केले. गण-गवळण-वगाचा बाज तोच, सोंगाड्याचा चुरचुरीत संवाद तोच, पण बोलणे आता खर्च करणाऱ्याशी नव्हे, तर जमिनीवर बसलेल्या कुणब्याशी. सावकार, भट, पाटील ही पात्रे झाली आणि ज्यांची त्यांच्याविषयी गाऱ्हाणी होती, ते प्रेक्षक. याच वाटेने पुढे नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्या जोडीचे शाहीर आंबेडकरी जलसे घेऊन फिरले. कर्डकांचा एक जलसा आपल्या दहा भाषणांच्या तोडीचा आहे, असे डॉ. आंबेडकर म्हणत, असे सांगितले जाते. त्यामागचे कारण नुसते गाण्याचे आकर्षण नव्हते. जलसा वस्तीत जाई, आणि वस्ती हीच त्याची पहिली रांग असे.

या सगळ्या वाटा एकत्र आल्या त्या गाडगे महाराजांच्या कीर्तनात. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म १८७६, जात परीट, शाळेचे तोंड न पाहिलेला माणूस. अंगावर चिंध्यांचे कपडे, डोक्यावर खापर, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. गावात आले की आधी झाडलोट करायची, रात्री कीर्तन. म्हणजे ज्याच्यापुढे संध्याकाळी हजारो बसणार, तो दुपारी त्याच गावाच्या गल्लीत वाकून केर काढताना कितीकांनी पाहिलेला, आणि कितीकांनी त्याला ओळखलेलेही नसे. कीर्तनाच्या रूढ मांडणीतले पुष्कळसे त्यांनी गाळले. आख्यानाचा पसारा नाही, संस्कृत श्लोकांचे ओझे नाही, शास्त्रीय रागदारीचा थाट नाही. ठेवली ती एकच गोष्ट, आणि तिचा त्यांनी इतका विस्तार केला की कीर्तनच तिने भरून गेले: प्रश्न. वऱ्हाडी बोलीत साधा प्रश्न टाकायचा. कर्ज काढून सण करावा का? देवाला बकरे कापावे का? दारूने कोणाचे भले झाले? समुदायातून ‘नाही’ असे उत्तर आले, की त्या उत्तरालाच धरून पुढचा प्रश्न. उत्तर ढिले आले, तर परत विचारायचे.

प्रश्न विचारणाऱ्याला उत्तराची वाट पाहावी लागते, आणि वाट पाहणारा माणूस कुठेतरी पाहत असतो. उपदेश करणाऱ्याला डोळे मिटून चालते. विचारणाऱ्याला चालत नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनात नजर हे कसब म्हणून उरलेच नाही, ती त्या प्रश्नोत्तरांची गरज झाली. आचार्य अत्र्यांसारखा सभा गाजवणारा माणूस, गाडगेबाबांना पाहावे ते कीर्तनातच, असे म्हणाला. त्यांच्या तोडीच्या वक्त्याला ते का जाणवले असेल याचा अंदाज करता येतो. आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सर्वांत बोलकी वाटते. गाडगेबाबा कोणाला पाया पडू देत नसत. याचा अर्थ विनय असा सर्रास लावला जातो. पण पाया पडणे म्हणजे काय? एकाने मान खाली घालायची आणि दुसऱ्याने त्याच्या पाठीकडे पाहायचे. त्या क्षणी डोळे भेटूच शकत नाहीत. वारकऱ्यांनी यावर परस्परांच्या पाया पडण्याचा तोडगा काढला. गाडगेबाबांनी पाया पडणेच बंद केले. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालण्यात गेल्या, त्यांच्याशी बोलायचे तर पहिल्यांदा त्यांची मान वर यायला हवी, हे त्यांना कोणत्या ग्रंथातून कळले नव्हते.

बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत हा धागा अधिक स्पष्ट आहे, कारण नजरेआड बसवले जाणे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. साताऱ्याच्या शाळेत इतर मुलांपासून दूर, कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसायचे. शाळा साफ करणारा नोकरही त्या गोणपाटाला शिवायचा नाही, म्हणून ते रोज परत घरी न्यायचे. मास्तर शिकवत असताना त्यांची नजर त्या कोपऱ्यापर्यंत जात होती की नाही, हा प्रश्न जागेनेच निकालात काढला होता. पुढे शिक्षणशास्त्राने याची मोजदाद केली. १९७० मध्ये रेमंड अ‍ॅडम्स आणि ब्रूस बिडल या संशोधकांनी वर्गांचे निरीक्षण करून दाखवले, की वर्गातला बहुतेक संवाद पुढच्या आणि मधल्या पट्ट्यातल्या मुलांशीच होतो. कडेची मुले वर्गात असून नसल्यासारखी. तिथे कोणी जात पाळत नव्हते, नुसती बाकांची मांडणी होती. जिथे मांडणीमागे मनुस्मृतीचा आधार उभा होता, तिथे काय होत असेल?

१९२७ च्या डिसेंबरात महाडला सत्याग्रह परिषद भरली. मंडपासाठी गावात जागा मिळू नये अशी खटपट झाली, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. मनुस्मृतीचे दहन झाले, ठराव झाले. इतिहास तेवढे सांगतो. पण तिथेच जमलेल्या स्त्रियांसमोर बाबासाहेबांनी वेगळे भाषण केले. लुगडे कसे नेसावे, अंगावरचे कोणते दागिने टाकावेत, मुलींना शाळेत का घालावे, असे ते बोलणे होते. विद्वानांना ते किरकोळ वाटेल. मोठ्या मंडपात सगळ्यांना उद्देशून केलेले भाषण स्त्रियांनीही ऐकले होतेच. तरी त्यांना स्वतंत्र बसवून, त्यांच्या रोजच्या अंगावरच्या गोष्टींपासून बोलणे सुरू करावे लागले, कारण ‘सगळे’ म्हटल्यावर आपल्याकडे डोळ्यांपुढे पुरुष येतात, आणि हे जाणून त्यांनी आखणी बदलली. पंधरा वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये नागपूरला, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची परिषद भरली तेव्हा सुमारे २०,००० स्त्रिया आल्या होत्या. महाडला स्त्रिया श्रोत्या होत्या, इथे त्या अध्यक्षस्थानी होत्या.

इथे एक आक्षेप हमखास येईल. डोळ्यांत डोळे घालून बोलणे ही आपली रीतच नाही. वडीलधाऱ्यांसमोर, सासऱ्यासमोर, गुरूसमोर नजर खाली ठेवणे हा आदर आहे, आणि सगळ्यांना टक लावून पाहणाऱ्या वक्त्याची शिकवण परदेशी आहे. आक्षेपात तथ्य आहे. परक्या पुरुषाने बाईकडे रोखून पाहिले, तर ती सभा सोडून जाईल, आणि तिने जावेच. परदेशी संशोधनही टक लावायला सांगत नाही. मायकेल आर्गाइल आणि जॅनेट डीन यांनी १९६५ मध्ये दाखवले, की माणसे जसजशी जवळ येतात तसतशी ती एकमेकांच्या डोळ्यांत कमी पाहतात. जवळीक आणि नजर यांचा तोल माणूस नकळत सांभाळतो. अ‍ॅडम केंडन यांच्या १९६७ च्या अभ्यासात बोलणारा बोलताना बऱ्याचदा नजर काढून घेतो आणि आपले बोलणे संपत आले की ऐकणाऱ्याकडे पाहतो, असे आढळले. जणू आता तू बोल, असे तो सांगत असतो. आपली रीत आणि हे संशोधन यांत फारसा विरोध नाही. पण नजर खाली ठेवण्याचा नियम कोणाला लागू होता, हेही विचारले पाहिजे. तो खालच्याला होता, वरच्याला नव्हता. सुनेला होता, सासऱ्याला नव्हता. श्रोत्याने मान वर करावी की नाही हे त्याचे त्याने ठरवावे. वक्त्याने त्याच्या बाजूला तोंड करावे की नाही, हे मात्र रीतीवर सोडून देता येत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. हजारोंच्या जमावात, कंदिलाच्या किंवा गॅसबत्तीच्या उजेडात गाडगेबाबांना कोणाचे डोळे दिसत असतील? फार थोड्यांचे. त्याहून अवघड दाखला अमरावती जिल्ह्यातल्या गुलाबराव महाराजांचा आहे. बालपणीच दृष्टी गेलेल्या या पुरुषाने तेहेतीस-चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ सांगून लिहवले, आणि जिज्ञासू त्यांच्याभोवती जमत. ज्याला दिसतच नाही तो कोणाला नजरेआड कसा करणार? यावरून दिसते ते इतकेच, की बुबुळांपेक्षा रोख मोठा. आपल्या बाजूला तोंड होते का, आपल्या भागातून आलेल्या उत्तराची दखल घेतली जाते का, आपले नाव उच्चारले जाते का, यावरून माणूस आपण मोजलो गेलो की नाही ते ताडतो. कसब म्हणून नजर शिकवणाऱ्यांना गुलाबराव महाराजांचे उदाहरण अडचणीचे आहे. बैठकीचा विचार करणाऱ्याला ते सोयीचेच पडते.

मग बदलले काय? माझ्या मते सर्वांत मोठा बदल ध्वनिवर्धकाने केला. स्वातंत्र्यपूर्व काळातल्या सभांच्या छायाचित्रांत नेत्यांसमोरच्या उभ्या दांड्यावर ‘शिकागो रेडिओ’ ही अक्षरे कित्येकदा दिसतात. तो दांडा आला आणि आवाज व नजर यांची जुनी गाठ सुटली. आता डावीकडे न वळताही डावीकडच्यांना ऐकू जाऊ लागले. उलट वळले तर आवाज पडू लागला. वक्ता एका जागी खिळला, समोर पाहू लागला. मंच उंच झाला, कारण आवाजाला आता अंतराची भीती उरली नाही. मंचावर दिवे आले, श्रोते अंधारात गेले. हे सांगताना जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. १८८९ मध्ये मुंबईच्या मंडपात एक ध्वनिवर्धक असता, तर पंडिता रमाबाईंना थांबावे लागले नसते. ज्यांचा गळा लहान त्यांना या यंत्राने सभेत आणले. मोठ्या गळ्याची मक्तेदारी त्याने मोडली. पण पूर्वी जे काम शरीर आपोआप करत होते, ते आता कोणीतरी आठवणीने करावे लागते, आणि आठवण राहत नाही.

आजची राजकीय सभा पाहा. मंचावर सोफ्यांची रांग, त्यापुढे सुरक्षेसाठी बांबूंनी आखलेला मोकळा पट्टा, त्यानंतर निमंत्रितांच्या खुर्च्या, कॅमेऱ्यांचा चौथरा आणि त्याही मागे लोक. भाषणाची पहिली पाच मिनिटे मंचावरच्या नावांत जातात; तेवढा वेळ वक्ता अंग वळवून मंचाकडेच पाहत असतो. नंतर तो पाहतो ते कॅमेऱ्याकडे. पडद्यावर त्याचा चेहरा शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, शेवटच्या रांगेचा चेहरा त्याच्यापर्यंत पोचत नाही. यावर कोणी म्हणेल, की नजर म्हणजे शेवटी देखावाच. निर्णय बंद दाराआड चौघे घेणार असतील, तर मंचावरून सगळ्यांकडे पाहून काय होणार? हे मला मान्य आहे. चावडीपुढच्या नजरेने कोणाचे कर्ज फिटले नाही. गाडगेबाबांनीही नुसते पाहिले नाही. धर्मशाळा बांधल्या, सदावर्ते घातली, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हाती दिली. तरी ज्यांच्याकडे पाहिलेच नाही त्यांच्यासाठी बंद दाराआड काही चांगले ठरल्याची उदाहरणे या इतिहासात मला सापडत नाहीत.

या इतिहासाचा धडा आपल्या कायद्याने एका ठिकाणी तरी घेतला आहे. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणे बंधनकारक आहे, आणि २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. महाडच्या मंडपात बाबासाहेबांनी जे केले, तेच आता नियम म्हणून कागदावर आहे. पण ग्रामसभेच्या दिवशी कार्यालयात टेबल भिंतीला लागते, त्यामागे सरपंच आणि ग्रामसेवक, समोर दोन रांगांत नेहमीचे दहा-वीस पुरुष, आणि पदर सावरून दारात उभ्या राहिलेल्या बायका खुर्च्यांच्या पाठी. त्या दारात उभ्या राहतात, कारण आत त्यांच्या वाट्याची जागा कोणी मांडलेली नसते. ग्रामसभेची नोटीस काढणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: वक्तृत्वाचे शिबिर मागाहून घ्या. आधी टेबल भिंतीपासून काढून मध्ये आणा, सतरंजी चारी बाजूंनी अंथरा, आणि सरपंचांची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवा.